वेगळ्या मेजावर

अक्कलकोटच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती समूहात चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याची उंची पाच वर्षांच्या बालकाएवढी. नाताळच्या नाटिकेत आम्ही त्याला विदूषकी मेंढपाळाची भूमिका दिली. लोक हसतील, सोहळ्याला रंग चढेल, एवढाच आमचा विचार. तालमीच्या पहिल्याच सायंकाळी तो म्हणाला, "फादर, मी नुसता आलो तरी लोक हसतात. मग नाटकात मी करायचं काय?"

आम्ही निरुत्तर झालो. जक्कयावर आम्ही किती प्रवचने केली! पण आमचे सारे लक्ष उंबराच्या झाडाकडे. त्या ठेंगण्याला वाट न देणारी गर्दी आम्ही कधी न्याहाळलीच नव्हती.

त्या रात्री नागपूरची ज्योती आमगे आठवली. १६ डिसेंबर २०११ रोजी, अठराव्या वाढदिवशी, गिनेसने तिची ६२.८ सेंटिमीटर उंची मोजून जगातील सर्वांत बुटकी हयात स्त्री म्हणून तिची नोंद केली. २०१४ मध्ये 'अमेरिकन हॉरर स्टोरी' या मालिकेच्या 'फ्रीक शो' पर्वात तिने 'मा पेतीत', म्हणजे 'माझी चिमुकली', साकारली. कथा १९५२ च्या फ्लोरिडातील. विलक्षण देहाची माणसे तिकीट लावून दाखविणाऱ्या तंबूची. मराठी कन्या सातासमुद्रापार गेली याचा आम्हांस अभिमान वाटला. तिथेही तिला तंबूच मिळाला, हे मात्र सलले.

हॉलिवूडच्या मायकल डनची वाट निराळी. हा नट १९५८ मध्ये डेट्रॉईटच्या कपूचिन मठात व्रतबंधू होण्यासाठी दाखल झाला होता. काही महिन्यांतच बाहेर पडला. (मठाने गमावले ते रंगभूमीने कमावले, असे आम्ही गमतीने म्हणतो.) १९६५ च्या 'शिप ऑफ फूल्स' मध्ये तो ग्लॉकेन झाला. १९३३ साली जर्मनीला निघालेल्या त्या जहाजावर कप्तानाच्या मेजावर त्याला स्थान नाही. तो एका यहुदी प्रवाशासोबत वेगळ्या मेजावर जेवतो. पण चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस प्रेक्षकांशी थेट बोलतो तो हाच. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन लाभले. १९७३ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी, लंडनमध्ये तो वारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाची क्षमा मागितली आणि कोणती भूमिका हवी ते विचारले.

"हेरोद," तो तत्काळ उत्तरला.

मुकुट त्याच्या कानांवर उतरत होता. आत कागदाची घडी घालून तो आम्हीच घट्ट केला. प्रयोगात त्याने शिपायांना पहिली आज्ञा दिली, तेव्हा पुढच्या रांगेतील बाळगोपाळ दचकून आयांना बिलगले.