हरवलेली वेढणी

मोलाची वस्तू हरवली, की माणूस प्रथम ती वस्तू शोधतो, असा आपला समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. मी प्रथम स्वतःचा दोष झाकणारे कारण शोधले. ते मला लगेच सापडले. वस्तू मात्र सापडली नाही. ती हकीकत तुम्हांला सांगावी, असे बरेच दिवस मनात आहे.

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेतील मिशिगन राज्यात लेकीकडे राहावयास गेले होते. हे राज्य समुद्रापासून फार दूर आहे. परंतु तेथे लहानमोठी मिळून ११,००० हून अधिक तळी आहेत. उन्हाळा आला, की त्यांच्या वाळूच्या काठांवर जत्रेसारखी गर्दी होते. वाईहून निघताना आईने माझ्या बोटात तिच्या आईची वेढणी घातली होती. सोन्याच्या तारेचे तीन वेढे आणि टोके मोकळी, असा तो जुना घाट. “सैल होतेय, दोरा गुंडाळून घे,” असे ती म्हणाली होती. मी दोरा गुंडाळला नाही.

एका शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. उन्हासाठी हाताला मलम लावावयाचे म्हणून मी वेढणी काढून पंचावर ठेवली. इतक्यात नातवाने पाण्यातून हाक मारली. मी उठले, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि धावले. वेढणीची आठवण झाली ती संध्याकाळी घरी आल्यावर. लेकीने विचारले, तेव्हा मी म्हणाले, “पाण्यात निसटली असावी.” हे कारण कोणालाही पटण्याजोगे होते. थंड पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठ्या निसटतात. तळ्याच्या तळाशी अशा कितीतरी अंगठ्या पडलेल्या असतात. रविवारी आईचा फोन आला. “वेढणी आहे ना गं बोटात?” “आहे, आई,” मी म्हणाले.

तळ्यावरच्या जीवरक्षकाने एका वृद्ध गृहस्थांची गाठ घालून दिली. धातुशोधक यंत्र घेऊन लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यावयाच्या, हा त्यांचा छंद. त्याचे ते पैसे घेत नसत. त्यांच्यापाशी लांब दांड्याचे यंत्र होते आणि वाळू चाळण्यासाठी मोठ्या झाऱ्यासारखे भोकाभोकांचे खोरे होते. ते पाहून मला लहानपणी सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे आणि ती धुऊन सोन्याचे कण मिळवणारे झारेकरी आठवले.

यंत्राचे तत्त्व त्यांनी मला समजावून दिले. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्यातही सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात आणि यंत्राला त्यांची चाहूल लागते. मग त्यांनी विचारले, “अंगठीचे कडे सलग आहे का?” मी वेढणीचे वर्णन केले. ते क्षणभर गप्प राहिले. कडे सलग असले, की प्रवाह त्यातून पूर्ण फेरी घेतो आणि खूण जोरदार मिळते. टोके मोकळी असली, की ती क्षीण होऊ शकते. शिवाय शीतपेयांच्या डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या आणि सोन्याच्या अंगठ्या यांचा आवाज बहुधा सारखाच येतो. “कचरा टाळावयाचा असे ठरवले, तर सोनेही टळते,” ते म्हणाले. म्हणून प्रत्येक आवाजासरशी ते वाकत. दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी कड्या, बाटल्यांची झाकणे आणि नाणी काढली. मी काठावरून पाहत होते आणि मला खरे बोलवत नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक यंत्र तयार केले. परंतु गोळी उजव्या बाजूस आहे, अशी डॉक्टरांची खात्री होती. शोधही तिकडेच झाला. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनीही घोटाळा केला, असे सांगतात. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. गोळी डाव्या बाजूस होती. “यंत्र बिचारे दाखवलेल्या जागीच शोधते,” ते सहज म्हणाले. त्यांना काही ठाऊक नव्हते. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

मंगळवारी सकाळी मी खरे सांगावयाचे ठरवून गेले. काठावर पाऊल ठेवले आणि थबकले. सगळ्या वाळूवर दाताळ्याचे समांतर ओरखडे उठले होते. पहाटे यंत्राने वाळू विंचरून, कचरा भरून नेला होता. मी त्या गृहस्थांना पंच्याची गोष्ट सांगितली. मला वाटले, ते रागावतील. त्यांनी फक्त विचारले, “पंचा नेमका कोठे होता?” मग ते त्या पट्ट्यात एकेक पाऊल सरकत दुपारपर्यंत शोधत राहिले. वेढणी मिळाली नाही. मिळाली ती दुसऱ्याच कुणाची तरी लग्नाची अंगठी. तिच्या आतल्या बाजूस दोन नावे आणि तारीख कोरलेली होती. ती पाहताच त्यांचा चेहरा उजळला. “हिचा मालक सापडेल,” ते म्हणाले. आमच्या वेढणीवर काहीच कोरलेले नव्हते. ती उद्या कुणाला मिळाली, तरी कुणाची म्हणून त्याने परत करावी?

त्या रात्री मी आईला फोन केला आणि पंच्यापासून ओरखड्यांपर्यंत सारे सांगितले. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “मला रविवारीच कळलं होतं. ‘आहे’ म्हणायला तुला जरा वेळ लागला.” नंतर तिने नातवाची चौकशी केली आणि फोन ठेवला. तिने मला बोल लावला नाही. परंतु पुढे कधी वेढणीचा विषयही काढला नाही.

रविवारी खरे बोलले असते, तर वेढणी मिळालीच असती, असे मी म्हणत नाही. वाळूची शाश्वती कोणी द्यावी? पण विंचरण्यापूर्वीचे दोन दिवस आमच्या हाती होते आणि ते मी त्या वृद्धांना नको त्या जागी उभे करून घालवले. तुमच्याही हातून काही हरवेल. तेव्हा शोधावयास येणाऱ्याला पहिल्याच दिवशी खरी जागा दाखवा. आणि वडीलधाऱ्यांनी दोरा गुंडाळावयास सांगितला असेल, तर तो आजच गुंडाळा.