कार्बन गेलाय

दाण्याची चटणी वाटता वाटता मिक्सरमधून तो वास आला. जळकट नव्हे, सेलला जीभ लावल्यावर लागते ती चव नाकात शिरावी, तसा. खाली निळ्या ठिणग्या दिसल्या आणि पातं थांबलं. दुकानातल्या मुलाने मशीन उघडलंसुद्धा नाही. ‘‘कार्बन गेलाय, काकू. पण याला कशाला पैसे घालता? नवाच घ्या ना.’’ मी कार्बनची, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या ब्रशची, जोडी तेवढी घेतली आणि घरी येऊन बसवली. ‘नवाच घ्या’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे.

हा वास आमच्याकडे रोज संध्याकाळी बाबांबरोबर यायचा. बाबा कारशेडमध्ये फिटर. लोकल पिटवर आली की खाली उतरायचं, ट्रॅक्शन मोटारीचं झाकण काढायचं, कार्बन होल्डरमधून ओढून बघायचे, आखूड झालेले बदलायचे. झिजलेले तुकडे कधीमधी खिशातून घरी येत. क्वार्टर्सच्या गच्चीवर लंगडीची घरं आम्ही त्यांनीच आखायचो.

मग एका शुक्रवारी त्यांनी चोरबाजारातून ते इंजिन आणलं. ट्रायँग कंपनीचं, काळं, ‘प्रिन्सेस’ जातीचं. खऱ्या इंजिनाच्या शहात्तराव्या हिश्शाचं. दिसायला वाफेचं, पोटात बारा व्होल्टची मोटर. बोटाने ढकललं तर वीतभर जायचं, की पुन्हा ठप्प. बाबांनी ते कानाशी धरलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘‘कार्बन!’’

त्याचे कार्बन मुंबईत कुठे मिळणार? बाबांनी लोकलचा झिजका तुकडा करवतीच्या पात्याने कापला आणि पॉलिश पेपरवर घासायला मला दिला. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या दोन गोल कांड्या करायच्या होत्या, प्रत्येकीच्या मागे स्प्रिंगसाठी खाच. किती मोडल्या कुणास ठाऊक. त्या मोटारीत स्प्रिंग म्हणजे एकच वाकवलेली तार. तिचे दोन पाय दोन्ही कार्बनना मागून दाबतात, आणि एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी लागतेच. कारण एक कार्बन सांगाड्याला जोडलेला, दुसरा नाही. नळी घालायची राहिली की शॉर्ट. कार्बन ज्यावर टेकतात त्या कम्युटेटरला तांब्याच्या तीन पट्ट्या. त्यांच्या मधल्या फटींत झिजलेल्या कार्बनची पूड जाऊन बसते, ती उदबत्तीच्या काडीने कोरून काढायची. आर्मेचर, म्हणजे फिरता भाग, मात्र उगाच बाहेर काढायचं नाही, जुनं चुंबक कमजोर पडतं. स्प्रिंग माझ्या अंगठ्याखाली देऊन बाबा म्हणाले, ‘‘हलवू नकोस. उडाली तर सापडायची नाही.’’ खिडकीतून लोकल जात होती, अंगठ्याला रग लागली होती आणि बाबांचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. पुढे इंजिन कसं चाललं, हे मला पुसट आठवतं. तो अंगठा लख्ख आठवतो.

चालवलं ते आतेभावाने. सुट्टीला आला होता, मुलगा होता, कंट्रोलर त्याच्या हातात गेला. आधी रुळाबाहेर मोकळंच पुढे-मागे फिरवायचं, म्हणजे नव्या कार्बनचं सपाट तोंड कम्युटेटरच्या गोलाईवर बसतं, हे मी सांगत होते. कोण ऐकतो! आता अमेरिकेत बसून ‘आमच्याकडे इलेक्ट्रिक ट्रेन होती’ असं तो सांगत असतो. ‘आमच्याकडे’!

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर: १८८८ साली व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगने विजेच्या ट्राम सुरू केल्या, तेव्हा त्याच्या मोटारींत धातूचे ब्रश होते. ते झिजून झिजून त्याचा जीव मेटाकुटीला आला. जॉर्ज फोर्ब्जने १८८५ मध्येच कार्बनच्या ब्रशचं पेटंट घेतलं होतं. चार्ल्स व्हॅन डेपोलने कार्बन ट्रामच्या मोटारीत घातला आणि सगळं मार्गी लागलं. तांब्यापेक्षा मऊ, म्हणून महागडा कम्युटेटर वाचतो आणि स्वस्त कार्बन झिजतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी सुटली, १५०० व्होल्ट डीसीवर, तीही याच जोरावर. मुंबईतल्या उपनगरी मार्गांवरची डीसी वीज एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरून शेवटची गेली. आताच्या लोकलना थ्री-फेज मोटारी आहेत. त्यांत कार्बनच नाही.

कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नातवाला घेऊन गेले होते. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं ते गाव, त्यातले दिवे, सिग्नल, गाड्या सगळे डोळे फाडून बघत होते. मी मात्र कोणती मोटर किरकिरतेय ते ऐकत उभी.

लोकलमधले कार्बन गेले, हे मी आईला सांगितलं तेव्हा वाटलं, तिला बाबांची आठवण येईल. ती म्हणाली, ‘‘बरं झालं. कुणाकुणाच्या बायकांचे हात वाचले.’’ मग तिने ऐकवलं. बाबांचे कपडे वेगळ्या बादलीत, वॉशिंग सोड्याच्या कढत पाण्यात. कॉलर आणि बाह्या ब्रशने घासूनही पाणी काळं ते काळंच. मोटारीत झिजलेला कार्बन जातो कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आईला ठाऊक होतं. कॉलर बघून ती सांगायची म्हणे, आज पिटखाली होते की वर.

‘‘आणि तुझा फ्रॉक,’’ ती म्हणाली, ‘‘त्यावर अंगठे उठलेले असायचे. त्या पोराचा शर्ट तेवढा पांढराशुभ्र. म्हणून एकदा त्यालाच पॉलिश पेपर देऊन बसवला मी, दुपारभर.’’

हे मला अजिबात आठवत नाही. आणि त्याने एक तरी कांडी धड घासली असेल, यावर माझा विश्वास नाही.