काखेतलं भावंड

दर 3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर मीच बोलायचो. 1848 साल, भिडे वाडा, अंगावर उडणारं शेण... पोरं चिडीचूप ऐकायची. भाषण चांगलं व्हायचं, हे सांगायला लाज नाही. लाज वाटते ती भाषण संपल्यावर मनात जे असायचं त्याची. वाटायचं, ती लढाई तेव्हाच जिंकून झाली. तेव्हा दारं बंद होती. आता दार उघडं आहे, फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी. तरी लेकरू येत नसेल तर दोष त्याच्या आईबापाचा.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलं की ही समजूत आपोआप पक्की होते. मुकादमाची उचल घेतलेली माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून ऊसतोडीला जातात आणि वर्ग ओस पडतो. केंद्राच्या बैठकीत मी म्हणायचो, शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. तसं काही करा. त्याच महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला घेतली होती, हे मला ठाऊक होतं. तोंडात मात्र दंडच यायचा.

तिसरीतली एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला काखेत घेऊन यायची. श्रावणाचे दिवस, आई खुरपणीला. पोरगं रडायचं, एकदा बसकरावर मुतलं, वर्ग खिदळला. मी म्हणालो, "ह्याला घरी ठेवून ये."

"घरी कुणी नाही, गुरुजी."

"मग तूही घरीच बस."

ती गेली. दिवाळीनंतर सगळेच गेले.

चारपाच वर्षांनी एका प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाबद्दल ऐकलं. नावं माहीत होती, डी.एड.ला पाच मार्कांची टीप पाठ केली होती. 1945 मध्ये दोघींनी बोर्डीला काम सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी शिंपले, बिया, पानं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरांमागे जायची, म्हणून शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. आणि मोठ्या मुली का येत नाहीत, तर काखेत भावंड असतं म्हणून. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली.

ऐकून पश्चात्ताप वगैरे झाला नाही. राग आला. त्यांच्यामागे संस्था होती; माझ्याकडे चाळीस पोरं, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीचं काम. पण अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, मॅट्रिक झाल्या त्या नोकरी करत, बी.ए. एकावन्नाव्या वर्षी. सबबी त्यांच्याकडेही कमी नव्हत्या. गावी परतताना एसटीत तो एकच शब्द डोक्यात घोळत राहिला: पाळणाघर. त्या मुलीला मी घरी बसवलं, तेव्हा व्हरांड्यात एक झोळी बांधणं मला सुचलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत ती बांधली, बायकोच्या जुन्या लुगड्याची. फार काही घडलं नाही. दोन मुली नियमित यायला लागल्या. एखाद्या दिवशी रडारडीत गणिताचा तास वाया जायचा आणि मी चिडायचोही. तपासणीला आलेल्या साहेबांनी झोळीकडे पाहून विचारलं, "ही शाळा आहे का पाळणाघर?" दोन्ही, असं म्हणायची हिंमत झाली नाही. "आजच आणलंय, साहेब," म्हणालो.

निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना तिसरीचा जुना पट सापडला. त्या मुलीच्या नावापुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: सतत गैरहजर. ज्या दिवशी मी तिला घालवलं, त्या रकान्यातही गैरहजेरीच मांडलेली होती.