राडानशी दुसरी लढाई

जिंकूनही तुम्हाला कधी वाईट वाटलंय? मला वाटलंय.

‘एल्डन रिंग’ हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यातला एक बॉस म्हणजे राडान. तो अवाढव्य आहे, पण त्याचा घोडा एवढासा! तो आकाशात झेपावतो आणि उल्केसारखा आपल्यावर कोसळतो. माझ्या ताईने त्याला लगेच, मार्चच्या सुरुवातीलाच हरवलं. त्याआधी ती ३५ वेळा मेली. मी मार्चच्या शेवटी चौथ्याच वेळी जिंकलो. घरभर नाचलो!

एप्रिलमध्ये नवा अपडेट आला. त्यात लिहिलं होतं, की मार्चच्या अपडेटमधल्या बगमुळे राडान चुकून कमजोर झाला होता. आता तो बग काढलाय, त्याच्याशी पुन्हा लढून बघा!

मी ताईकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही.

हरवलेला राडान परत येत नाही. म्हणून मी गेम पहिल्यापासून सुरू केला. त्याच्यापर्यंत पोचायलाच दोन आठवडे लागले. मग २१ वेळा मेलो. बाविसाव्या वेळी राडान पडला. माझे हात थरथरत होते.

ताई म्हणाली, “आता नाच की!”

तुम्ही माझ्या जागी असता, तर पहिला विजय मोजला असता का?