कुर्झ्याच्या काठी

जेठ सरत आलाय. तलासरीतल्या कुर्झे धरणाच्या काठावर तंबू ठोकून गळ टाकलाय. पाणी शांत आहे, ढग मात्र भरून आलेत.

काठालगत मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा दिसला. मरळीचं जोडपं पिल्लांना एकटं सोडत नाही, ती मोठी होईस्तोवर राखण करतं. अशा वेळी मला गळ ओढून घ्यावासाच वाटतो.

गळ टाकताना एक चित्र आठवतं. शेजारच्या डहाणूत, गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी मासेमारीच्या जाळ्याने अख्खं चित्र व्यापलं होतं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली माणसाचं पाण्याशी असलेलं नातं मला त्या चित्राच्या रेषांत दिसतं.

आता पहिल्या पावसाची वलगण येईल, मासे अंडी घालायला ओहोळांतून वर चढतील. गाभोळीने भरलेला मासा हाती लागला, तर कृपा करून पाण्यात सोडा.