अहवालातील कर्ता

‘अहवाल’ हा शब्द मराठीत एकवचनी पुल्लिंगी म्हणून रुळला असला, तरी मुळात तो अरबी अनेकवचन आहे. ‘हाल’ म्हणजे स्थिती. तिचे अनेकवचन ‘अहवाल’. फारसीच्या वाटेने मराठीत येताना या दोन शब्दांची ताटातूट झाली. ‘हाल’ माणसांच्या वाट्याला आले, ‘अहवाल’ दप्तरात गेला. एका घरातले हे दोन शब्द पुन्हा समोरासमोर आलेले पाहण्याचा प्रसंग तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या एका प्राध्यापकांवर १९९४ साली आला. व्यावहारिक मराठीचा पेपर ते त्यापूर्वी काही वर्षे शिकवीत होते. अहवाल-लेखनाचे प्रकरण त्यांचे पाठच झालेले होते. शीर्षक, प्रस्तावना, कार्यकक्षा, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी, परिशिष्टे. फळ्यावर हा क्रम लिहावा, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या अहवालाचा नमुना सांगावा आणि तास संपवावा, अशी रीत होती.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एकतीस मुलांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. ग्रामीण रुग्णालयात दोन दिवस खाटा पुरल्या नाहीत. सर्व मुले बरी होऊन परतली, परंतु पालकांत चलबिचल झाली आणि संस्थेने तिघांची चौकशी समिती नेमली. अहवाल कोणी लिहावा, हा प्रश्न समितीत अर्धे मिनिटही टिकला नाही. मराठीचे प्राध्यापक असताना अन्य कोणी लेखणी हाती धरणे औचित्यास सोडून झाले असते.

चार दिवस चौकशी झाली. गच्चीवरील टाकीचे झाकण फुटलेले होते, तळाशी गाळ साचलेला होता. वसतिगृहाचे शिपाई वयाने पन्नाशीच्या पुढचे. त्यांना सारे ‘मामा’ म्हणत. ते रोजंदारीवर होते. गच्चीची किल्ली कार्यालयात असते आणि ब्लीचिंग पावडर दोनदा मागूनही मिळाली नाही, असे त्यांनी समितीला सांगितले. वसतिगृहप्रमुखांनी त्यास दुजोराही दिला नाही आणि ते खोडूनही काढले नाही. अहवालाचा मसुदा वाचून दाखविताना समितीतील ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “नावे नकोत. आपण परिस्थिती मांडू.” प्राध्यापकांनाही ते पटले. व्यक्तिनिरपेक्षता हा अहवालाचा गुण म्हणून ते वर्गात सांगतच होते. मग चार पृष्ठांच्या त्या अहवालात पुढील वाक्य उतरले: ‘पाण्याची टाकी गेल्या चार महिन्यांत स्वच्छ करण्यात आलेली नव्हती, असे समितीच्या निदर्शनास आले.’

वाक्य निर्दोष होते. त्यातील प्रत्येक शब्द खराही होता.

पंधरा दिवसांनी व्यवस्थापन समितीच्या सभेचे कार्यवृत्त आले. अहवाल स्वीकारण्यात आला होता आणि ‘संबंधित सेवकास कामावरून कमी करण्यात आले’ होते. त्याच संध्याकाळी मामा प्राध्यापकांच्या घरी आले. आत येईनात, पायरीवरच उभे राहिले.

“सर, तुमच्या कागदात माझं नाव होतं का?”

“नाही, मामा. कुणाचंच नव्हतं.”

“मग त्यांनी माझंच कसं वाचलं?”

व्याकरणाच्या अंगाने विचार केला तर हा प्रश्न साधा नाही. मराठीचा परंपरागत कर्मणी प्रयोग कर्त्याला वाक्यातून हाकलून देत नाही. ‘शिपायाने टाकी धुतली’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, परंतु ‘शिपायाने’ हे पद जागच्या जागी असते. तृतीया विभक्ती लेवून उभे असते. इंग्रजी वाक्यरचनेच्या छायेत ज्याला शालेय व्याकरणे ‘नवीन कर्मणी’ म्हणतात तो प्रकार स्थिरावला, त्यातही ‘कडून’ हे शब्दयोगी अव्यय कर्त्याची आठवण ठेवते. ‘करण्यात आले’ ही रचना मात्र कर्त्याची गरजच भासू देत नाही. तिच्यात कर्ता घालू गेल्यास वाक्य अवघडते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभार मराठीत आणताना भाषा संचालनालयाने परिभाषेचे प्रचंड काम केले आणि त्याचे ऋण कोणी नाकारू नये. पण कोश शब्द देतात, वाक्य देत नाहीत. वाक्य बव्हंशी जुन्या इंग्रजी टिपणीतूनच आले आणि त्याबरोबर हा कर्तृहीन प्रयोग कार्यालयापासून महाविद्यालयापर्यंत पसरला. एम.फिल.च्या प्रबंधिकांतूनही ‘असे आढळून येते’ पानोपानी दिसे. कोणाला आढळले, कोठे आढळले, हे विचारण्याचे धाडस मौखिक परीक्षेतही क्वचितच कोणी करी.

परंतु वाचणारा माणूस कर्त्यावाचून वाक्य समजून घेऊ शकत नाही. रिकामी जागा तो आपल्या मनाने भरतो, आणि भरताना सर्वांत स्वस्त पडणारा कर्ता निवडतो. टाकी कोण धुतो? शिपाई. मग ती धुतली गेली नसेल, तर न धुणारा कोण? किल्ली कोणाच्या खुंटीला होती, हे त्या वाक्यात कोठेच नव्हते.

जुन्या मराठी गद्याला ही युक्ती ठाऊक नव्हती, असे मात्र नाही. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना पोहोचली ती सावकारी पत्रातून, अशी हकीकत ग्रँट डफने नोंदविली आहे. दोन मोती गेले, सत्तावीस मोहोरा गेल्या, आणि रुपया-तांब्याची तर मोजदादच नाही, असा त्या सांकेतिक मजकुराचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव. मोहोरा म्हणजे सरदार. लढाईचा इतका आटोपशीर अहवाल दुसरा सापडणे कठीण. मात्र त्यात मोत्यांची संख्या आहे, मोहोरांची आहे. बेरीज चुकली आहे ती फक्त खुर्द्याची.

याच्या उलट बाजूस वकिली पत्रे आहेत. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांसारख्यांची पत्रे कारभाराच्या निकडीपोटी लिहिलेली असत. मायना व क्षेमकुशल आटोपल्यावर ‘विशेष’ या शब्दापाशी खरा मजकूर सुरू होई. पुण्यात बसलेल्या कारभाऱ्याला त्यावर निर्णय घ्यावयाचा असे. म्हणून कोण काय बोलला हे नावानिशी कळविणे भाग होते. पाहिलेले आणि ऐकलेले यांत गल्लत झाली, तर फौज चुकीच्या वाटेला जाण्याचा संभव. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली. वकिलाचे काम त्यांतील तिघांवर चाले आणि कोणते विधान कोणत्या प्रमाणावर उभे आहे, याचे भान त्याला ठेवावेच लागे. मराठी क्रियापदे या कामी मोठी उपयोगी आहेत. ‘दिसले’, ‘समजले’, ‘वाटले’ आणि ‘ठरले’ या चारांत ज्ञानाच्या चार पायऱ्या आहेत. ‘निदर्शनास आले’ या एका पदाने चारही पायऱ्या सपाट करून टाकल्या.

प्राध्यापकांना हे सर्व सुचले ते पुढे. त्या आठवड्यात त्यांना एकच गोष्ट सुचली: मामा म्हणाले ते खरे की खोटे, हे समितीने पाहिलेच नव्हते. ‘पावडर दोनदा मागितली’ हे विधान केवळ तोंडी म्हणून त्यांनी गाळले होते. तोंडी विधानाला कागदाचा आधार आहे का, हे तपासण्याऐवजी ते वगळणे त्यांना शिस्तीचे वाटले होते. ते कार्यालयात गेले आणि आवक नोंदवही मागितली. लिपिकाने ती दिलीही. तिच्यात लपविण्यासारखे काही आहे, असे त्यालाही वाटत नव्हते.

मामांना लिहिता येत नव्हते. वसतिगृहातील एका मुलाच्या हातून त्यांनी दोन अर्ज करविले होते. पहिला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा जुलैत, पावसाला सुरुवात झाल्यावर. दोहोंना आवक क्रमांक पडलेले होते. विषयाच्या रकान्यात लिपिकाच्या वळणदार अक्षरात दोन्ही ठिकाणी एकच नोंद होती: ‘ब्लीचिंग पावडर व गच्चीची किल्ली मिळणेबाबत’. पुढचा ‘केलेली कार्यवाही’ हा रकाना दोन्ही ओळींत कोरा होता.

चौकशीचे चार दिवस ही वही समितीच्या बैठकीच्या खोलीपासून वीस पावलांवर होती. चार पृष्ठे सुबक लिहिण्यात जितका वेळ गेला, त्याच्या दशांश वेळात ती पाहून झाली असती. अहवाल लिहिण्याआधी कागद गोळा करावयाचे असतात, ही पहिल्या इयत्तेतली गोष्ट पेपर शिकविणाऱ्यालाच सुचू नये, याची बोच त्यांना भाषेच्या चुकीहून अधिक होती.

त्यांनी दोन पृष्ठांची पुरवणी लिहिली. समितीतील इतर दोघांनी तिच्यावर सही केली नाही. एकाने प्रकृतीचे कारण सांगितले. पुरवणीत विशेषण एकही नव्हते. अर्ज कोणी केला, कोणत्या तारखेस केला, कोणत्या क्रमांकाने तो स्वीकारला गेला, किल्ली कोणाच्या ताब्यात असे, झाकण फुटल्याचे कोणी केव्हा पाहिले, आणि यांतील काय प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले व काय ऐकले, इतकेच होते. एक परिच्छेद त्यांनी मूळ अहवालातील वाक्यावर लिहिला: ‘टाकी स्वच्छ करण्यात आलेली नव्हती असे मी लिहिले. ती स्वच्छ करण्याचे साधन सेवकाला कार्यालयाने दिलेले नव्हते, असे लिहावयास हवे होते.’ चौकशी अहवालात ‘मी’ येत नाही, हे त्यांना माहीत होते. तो त्यांनी काढला नाही.

पुढील वर्षांत त्यांचा अहवाल-लेखनाचा तास बदलला. स्नेहसंमेलनाचा नमुना गेला. मुलांना ते गावातील एखादी बंद पडलेली गोष्ट शोधावयास लावीत. हातपंप, वाचनालयाचे मागचे दार, बसथांब्यावरचा दिवा. त्याविषयी एक पृष्ठ लिहावयाचे आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने कर्ता मांडावयाचा. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र आदर्श उत्तर म्हणून ‘करण्यात आले’च्या शैलीला पूर्ण गुण मिळत. एका मुलीने विचारले, “सर, परीक्षेत कुठलं लिहू?” ते म्हणाले, “परीक्षेत परीक्षेसारखं लिही.” त्या उत्तराने ते स्वतः फारसे सुखावलेले नव्हते.

मामा नंतर बाजार समितीच्या आवारात हमालांना चहा पोहोचविण्याचे काम करू लागले. पुरवणी व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत ठेवण्यात आली. तिच्यावरील ठराव एका ओळीचा आहे. ‘सदर पुरवणीची नोंद घेण्यात आली व ती दप्तरी दाखल करण्यात आली.’