आबांचं रान आणि क्षची किंमत

बरेच दिवस पोस्ट नव्हती, कारण डोकं रानात नव्हतं, आकड्यांत होतं.

आमच्या बांधाला लागून आबांचं रान आहे. आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. काकूंचं डायलिसिस सुरू झालं आणि त्यांनी रान काढायचं ठरवलं. मुलाने गावातल्या एका एजंटला सांगितलं. एजंट माझ्याकडे आला, "दोन एकर आहे, अकरा लाखांनी एकर. बावीस द्या, उचला."

माझ्याकडे कांद्याचे, दुधाचे आणि घरातल्या भिशीचे धरून बरोबर २२ लाख होते. मी तिथेच हो म्हणणार होतो. नशीब, म्हणालो उद्या सांगतो.

रात्री सातबारा काढला. क्षेत्र ८० आर. आपल्याकडे आर आणि गुंठा एकच समजतात, तिथेच फसगत होते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आर साधारण १,०७६ चा. म्हणजे ८० आरचे गुंठे होतात ७९. एका गुंठ्याचा फरक, पण अकरा लाखांच्या भावाने तो २७,५०० रुपयांचा. ओढ्याकडचे ४ आर पोटखराबा आहेत, त्यावर मी भांडलो नाही. तिथे दोन चिंचा आहेत, लहानपणी त्याच झोडपल्यात.

मग वरचा खर्च. दस्तलेखक म्हणाले, मुद्रांक आणि नोंदणी मिळून सहा टक्के धरा. सरकारी मूल्यांकन कमी होतं, त्यामुळे शुल्क खरेदीच्या किमतीवरच लागणार होतं. एजंटचा एक टक्का. वकील, नोटीस, मोजणी मिळून ३० हजार. म्हणजे २२ लाखांत २२ लाखांचं रान येतच नाही! मग कितीचं येतं? मी कागदावर अंदाजाने किंमत धरायचो, टक्के मिळवायचो, जमेना की खोडायचो. पोरगी आठवीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, किंमत क्ष धरा ना. एकचल समीकरण आहे हे."

क्ष + ०.०७ क्ष + ३०,००० = २२,००,०००. म्हणजे १.०७ क्ष = २१,७०,०००. क्ष आला २०,२८,०३७. माझी उडी तेवढीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर आबा भेटले. मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाळा, सोसायटीचा साडेचार लाखांचा बोजा आहे. तो फेडून हातात सोळा तरी पडायला हवेत. त्याच्या खाली नाही भागत." एजंटला त्यांनाही एक टक्का द्यायचा होता.

घरी येऊन आबांचं समीकरण मांडलं. ०.९९ क्ष = २०,५०,०००. क्ष = २०,७०,७०७. दोघांत फरक ४२,६७० रुपयांचा. पोरीनेच विचारलं, "एजंट नसला तर?" माझा क्ष झाला २०,४७,१७०, आबांचा २०,५०,०००. फरक २,८३०!

त्या रात्री झोप लागली नाही. थांबलो असतो तर आबा अजून खाली आले असते, हेही दिसत होतं. डायलिसिस थांबत नाही. पण तसं रान घेऊन रोज त्याच बांधावर उभं कसं राहायचं?

सकाळी दोघांचे कागद घेऊन आबांकडे गेलो, ओळ न् ओळ वाचून दाखवली. साडेवीसला ठरलं. मला एकूण २२,०३,००० लागले, वरचे तीन हजार कारभारणीने डब्यातून काढले. एजंट चिडला. त्याचंही चूक नाही, पहिला निरोप त्यानेच आणला होता. पाच हजार देऊ केले, घेतले नाहीत. अजून समोरून जातो, बोलत नाही. हे मला सलतं.

सोसायटीचे पैसे मी थेट सोसायटीत भरले, बेबाकीचा दाखला हातात घेतला आणि मगच खरेदीखत केलं. आता फेरफाराची नोटीस लागलीय, पंधरा दिवस हरकतीचे. तोवर नांगर घालणार नाही. काल काकू म्हणाल्या, चिंचा तेवढ्या तोडू नकोस.